सातपूरचा जुना सर्व्हर आणि त्याची दुसरी डिस्क

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये दहा-बारा वर्षांचा सर्व्हर आहे. हिशेब, ड्रॉइंगं, ऑर्डरी सगळं त्याच्यात. गेल्या उन्हाळ्यात मालक म्हणाले, "एक डिस्क गेली तरी काम थांबणार नाही, असं काही करता येतं का हो?"

येतं. त्याला मिररिंग म्हणतात. प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहायची. एक मेली की दुसरी काम चालू ठेवते. डिस्क का मरते, हे लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला समजवावं लागलं नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती, म्हणजे बेअरिंग आलंच.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा ताफा वापरायची कल्पना मांडली आणि तिला 'रेड' नाव दिलं, म्हणजे 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स'. मिररिंग त्याआधीही होतं, त्यांनी केलेल्या प्रकारांच्या यादीत त्याला 'रेड १' हा क्रमांक मिळाला. नावातला 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, पुढे 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, झाला. स्वस्त म्हणून महाग वस्तू विकणार कशी!

जुन्या सर्व्हरमध्ये यासाठी बऱ्याचदा वेगळं कार्ड असतं, पण कार्डच मेलं तर तसंच दुसरं शोधत फिरावं लागतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे काम सॉफ्टवेअर करतं. तिथली डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली तरी वाचता येते. जुन्या यंत्राला मला हेच बरं वाटतं.

खरी गंमत चालू डिस्कवर मिरर उभारण्यात आहे. तिच्यावर माहिती आहे, ती पुसून चालणार नाही. मग एमडीएडीएम या आज्ञेला सांगायचं, की जोडी बनव, पण एक जागा रिकामी ठेव. नव्या डिस्कवर अर्धी जोडी तयार होते. जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं, सर्व्हर नवीवरून सुरू करून बघायचा, आणि मगच जुनीला रिकाम्या जागेत बसवायचं. त्या क्षणी जुनीवरचं सगळं पुसलं जाऊन नवीची नक्कल सुरू होते. एंटर दाबण्याआधी माझा हात इथे दोनदा थांबतो. वेगळा बॅकअप घेतलेला नसेल तर थांबायलाच हवा. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी १ टीबीला पावणेतीन तास लागतात, आणि कामं चालू असतील तर त्याहून जास्त.

बूटलोडर, म्हणजे सर्व्हर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, मात्र बहुधा या जोडीच्या बाहेर, डिस्कच्या सुरुवातीला असतो. तो दोन्हींवर वेगवेगळा टाकला नाही, तर माहिती शाबूत राहूनही सर्व्हर उठत नाही. म्हणून तो दोन्हींवर टाकला, आणि खात्रीसाठी सर्व्हर बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढली आणि बटण दाबलं. उठला.

बॅकअपची गरज यानं संपत नाही. कुणी फाइल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. आणि एक डिस्क मेली तरी वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. फरक दिसतो तो फक्त जोडीची स्थिती दाखवणाऱ्या एका ओळीत: 'यू यू'ऐवजी एक 'यू' आणि शेजारी आडवी रेघ. ही ओळ रोज कोण बघणार? बिघाड झाला की सर्व्हर स्वतःच मेल पाठवेल, अशी सोय केली. मालक मेल उघडत नाहीत, म्हणून पत्ता हिशेब बघणाऱ्या ताईंचा दिला.