‘ठाण्याला पाठवा’ आणि कायद्यातलं कलम ३

वाद तापला की मुंबईत कुणीतरी म्हणतंच, “याला ठाण्याला पाठवा.” सगळे युद्धाच्या बाजूने बोलत असताना एखादा ‘नको’ म्हणाला, तर त्याला हे हमखास ऐकावं लागतं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यामुळे ठाणेकरांना या थट्टेचं आता काही वाटत नाही. सोव्हिएत संघात मात्र ही थट्टा नव्हती, सरकारी रीत होती.

२५ ऑगस्ट १९६८. चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरून चारच दिवस झाले होते. मॉस्कोच्या लाल चौकात आठ जण निषेधाचे फलक घेऊन बसले. त्यांतल्या कवयित्री नाताल्या गोर्बानेव्हस्काया यांच्याजवळ बाबागाडीत तीन महिन्यांचं बाळ होतं. काही मिनिटांतच साध्या वेशातल्या लोकांनी सगळ्यांना उचललं. व्हिक्टर फाइनबर्ग यांचे पुढचे दात पाडले. असा आरोपी कोर्टात दाखवायचा कसा? त्यांना वेडं ठरवून लेनिनग्राडच्या ‘विशेष’ मनोरुग्णालयात टाकलं. गोर्बानेव्हस्काया यांना डिसेंबर १९६९ मध्ये अटक झाली. पुढे कझानच्या तशाच रुग्णालयात त्यांना हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं जबर औषध दिलं गेलं. ही रुग्णालयं आरोग्य खात्याकडे नव्हती, गृह खात्याकडे होती. काय ते समजा.

निदानही सोयीचं होतं: ‘संथ स्किझोफ्रेनिया’. त्यात ठळक लक्षणं दिसायची गरज नव्हती. समाज सुधारायचा ध्यास हेच लक्षण. खटला आरोपीशिवाय चाले आणि शिक्षेला मुदत नसे. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची समिती येई. मतं सोडली तर माणूस ‘बरा’, नाहीतर पुन्हा सहा महिने.

चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाला विरोध करणारे माजी मेजर जनरल प्योत्र ग्रिगोरेंको यांना १९६९ मध्ये ताश्कंदच्या डॉक्टरांनी ठणठणीत ठरवलं. मग मॉस्कोच्या सर्ब्स्की या मानसोपचार संस्थेने तीनेक महिन्यांत त्यांना वेडं ठरवलं आणि ते १९७४ पर्यंत अडकले. सेम्योन ग्लुझमन या तरुण मानसोपचारतज्ज्ञाने कागदपत्रांवरून, ग्रिगोरेंको वेडे नाहीत असा उलट अहवाल लिहिला. त्याला सात वर्षं छावणी आणि तीन वर्षं हद्दपारी झाली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोठा वाटतो तो हाच माणूस, कारण तो स्वतःच्याच पेशाविरुद्ध उभा राहिला.

१९७१ मध्ये सरकारविरोधी कार्यकर्ते व्लादिमीर बुकोव्स्की यांनी अशा प्रकरणांची कागदपत्रं पाश्चात्त्य देशांत पोहोचवली. १९७७ मध्ये होनोलुलूला जागतिक मानसोपचार संघटनेने या प्रकाराचा निषेध केला. १९८३ मध्ये हकालपट्टी दिसू लागताच सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संघटना त्यातून आपणहून बाहेर पडली. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तत्त्वं ठरवली: राजकीय मतांवरून मनोविकार ठरवायचा नाही.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये हेच आहे. समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक किंवा राजकीय मूल्यं कुणी मानत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. ठाण्याच्या रुग्णालयालाही हे लागू आहे.

रशियाच्या १९९२ च्या कायद्यातही जवळपास असंच कलम आहे. तरीही २०२२ पासून, युक्रेन युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल ‘लष्कराविषयी खोटी माहिती’ पसरवल्याचा खटला झालेल्या काहींना तिथल्या न्यायालयांनी सक्तीच्या मानसोपचारासाठी पाठवलं आहे.