पेटीवरचे दोन अंक आणि सोलापूरचा उन्हाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एखाद्या कारखान्यात पाऊल टाकले, की मागांच्या खडखडाटाइतकेच हवेत तरंगणारे कापसाचे बारीक तंतू जाणवतात. ते मागांवर आणि खिडक्यांच्या गजांवर बसतात, विजेच्या पेटीवर साचतात आणि पेटीला फट असेल तर तिच्या आतही शिरतात. सीनाकाठच्या एखाद्या शेतात मात्र मोटारीची स्टार्टर पेटी उघड्यावर खांबाला अडकवलेली असते. तिला मे महिन्याचे ऊन आणि सप्टेंबरचा आडवा पाऊस दोन्ही सोसावे लागतात. आतल्या उपकरणांना धूळपाण्यापासून आणि माणसाच्या हाताला आतल्या विजेपासून दूर ठेवणे, हे दोन्ही पेट्यांचे काम एकच आहे. तरीही एका जागी उत्तम चालणारी पेटी दुसऱ्या जागी निकामी ठरू शकते. म्हणून पेटी कोणती घ्यावी हे विचारण्याआधी ती कुठे बसणार आहे हे विचारायला हवे.

पेटीच्या पट्टीवर ‘आयपी ५४’ किंवा ‘आयपी ६५’ असे लिहिलेले असते. बाहेरच्या वस्तू आणि पाणी आत शिरण्यापासून पेटी किती संरक्षण देते, याची ही खूण आहे. यातील पहिला अंक घन पदार्थांसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. पहिला अंक २ असेल तर पेटीत बोट जाऊ शकत नाही आणि ४ असेल तर एक मिलिमीटर जाडीची तारही जात नाही. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण कामात अडथळा आणण्याइतकी नाही. ६ म्हणजे धूळ मुळीच जाणार नाही. ही चाचणी बारीक शंखजिऱ्याच्या भुकटीने भरलेल्या बंद कपाटात केली जाते. ६ या अंकासाठी पेटीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्तीत जास्त दोन किलोपास्कलने कमी ठेवून भुकटी आत ओढली जाते की नाही, ते पाहतात.

दुसऱ्या अंकाबाबत एक गैरसमज फार रुजला आहे, तो असा की मोठा अंक म्हणजे सर्व बाबतींत अधिक संरक्षण. ५ आणि ६ हे अंक नळीतून मारलेल्या फवाऱ्यासाठी आहेत. ५ साठी मिनिटाला साडेबारा लिटर आणि ६ साठी शंभर लिटर पाणी चहूबाजूंनी मारले जाते. ७ हा अंक पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यावर मिळतो. मात्र शांत पाण्यात बुडून कोरडी राहिलेली पेटी जोराच्या धारेपुढे टिकेलच असे नाही. दोन्ही चाचण्या झाल्या असतील तर पट्टीवर दोन्ही अंक स्वतंत्रपणे लिहिलेले असतात.

मग सर्वत्र आयपी ६५ ची घट्ट पेटी का बसवू नये? कारण जी पेटी धूळ आत येऊ देत नाही, ती उष्णताही सहज बाहेर जाऊ देत नाही. बंद पेटीतील उष्णतेला पत्र्यातूनच वाट काढावी लागते आणि रंगवलेल्या पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण साडेपाच वॉट उष्णता बाहेर टाकतो. ६०० मिलिमीटर रुंद, ८०० उंच आणि २५० खोल अशी पेटी भिंतीला टेकवून लावली, तर मागची बाजू वगळून सुमारे १.१८ चौरस मीटर पत्रा उरतो. समजा, तिच्यात वॉर्पिंग यंत्राचा, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळणाऱ्या यंत्राचा, साडेसात किलोवॉटचा ड्राइव्ह (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवला आहे. अशा ड्राइव्हमध्ये सुमारे तीन टक्के शक्ती, म्हणजे सव्वादोनशे वॉट, उष्णतेत जाते. हिशेब केला तर पेटीच्या आतले तापमान शेडपेक्षा जवळजवळ ३५ अंशांनी अधिक निघते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये ४० अंश असतील, तर आत ७५ होतील. असे ड्राइव्ह तर सहसा ४० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेने चालवायचे असतात. त्यांच्यातील कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, हे लक्षात घेतले म्हणजे उन्हाळ्यातच ड्राइव्ह का जळतात याचा उलगडा होतो. पेटीच्या माथ्यावर तंतूंचा थर साचला असेल, तर पत्र्यावर जणू चादरच पांघरलेली असते आणि वरचा हिशेबही कमी पडतो.

पंखा आणि जाळी लावण्याचा उपाय इथे फसतो, कारण मागांच्या खोलीत जाळी लवकरच तंतूंनी बुजते. माझ्या मते ड्राइव्हचे पॅनेल शेजारच्या स्वच्छ खोलीत हलवणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. ते जमत नसेल तर ड्राइव्हचा उष्णता टाकणारा धातूच्या पात्यांचा भाग पेटीच्या पाठीतून बाहेर काढावा, किंवा पेटी बरीच मोठी घ्यावी. तिचा माथा उतरता असावा, म्हणजे तंतू साचणार नाहीत.

शेतातल्या पेटीचा त्रास वेगळा आहे. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे हजार वॉट ऊर्जा तिच्यावर पडते. आत घरगुती पद्धतीचा एमसीबी (जास्त प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच) असेल, तर त्याची क्षमता ३० अंश तापमान गृहीत धरून ठरवलेली असल्यामुळे तो उन्हाळ्यात विनाकारण ट्रिप होतो. त्याहून छुपा धोका पहिल्या पावसाच्या सरीबरोबर येतो. आतली हवा ६० अंशांवरून एकाएकी २५ वर आली आणि बाहेरची हवा आत शिरलीच नाही, तर आतला दाब सुमारे दहा किलोपास्कलने उतरेल. धुळीच्या चाचणीतील दाबफरकाच्या हा पाचपट आहे. प्रत्यक्षात रबरी पट्टीच्या एखाद्या कमकुवत जागेतून पेटी श्वास घेते, आणि त्या श्वासाबरोबर पत्र्यावरून ओघळणारे पाणीही आत ओढले जाते. पूर्ण घट्ट समजल्या जाणाऱ्या पेटीच्या तळाशी पाणी सापडते, ते बहुधा असे आलेले असते. त्यासाठी हवा जाऊ देणारा, पण पाणी अडवणारा ब्रीदर तळाशी बसवावा. पेटीचा रंग फिकट असावा आणि वर चार बोटे अंतर सोडून पत्र्याचे छोटे छप्पर करावे.

पोलादी पेटी उघड्यावर लावायची असेल, तर तिच्यावरचा पावडरचा लेप पॉलिएस्टरचा आहे ना, हे विचारून घ्यावे. इपॉक्सीचा लेप उन्हात खडूसारखा भुरभुरतो. फायबरची पेटी गंजत नाही.

या सगळ्यावर एक भोक पाणी फिरवू शकते. पट्टीवरचे अंक कारखान्यातून निघालेल्या पेटीचे असतात. वायरमनने वरच्या बाजूला छिद्र पाडून केबल तशीच आत सोडली, तर त्या क्षणापासून ती पेटी आयपी ६५ राहत नाही. केबल खालूनच घ्यावी, तिच्या जाडीला नेमकी बसणारी ग्लँड, म्हणजे छिद्रात केबलभोवती घट्ट आवळली जाणारी बंदिस्त जोडणी, लावावी, प्रवेशाआधी केबलला खाली झोका द्यावा म्हणजे ओघळ तिथेच गळून पडेल, आणि न वापरलेले प्रत्येक छिद्र बुचाने बंद करावे. पाल आत शिरते ती अशाच एखाद्या विसरलेल्या छिद्रातून.