दरबार नसलेल्या पुण्यात गाणं कुणी सांभाळलं?

ग्वाल्हेरला शिंदे होते, बडोद्याला गायकवाड, कोल्हापूरला शाहू महाराज. गवयाला तनखा, मान आणि रियाजापुरती निश्चिंती देणारं एक तरी घर या गावांत होतं. पुण्यात १८१८ नंतर तसं घर उरलं नाही. तरीही पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत हे शहर हिंदुस्थानी संगीताचं मोठं ठाणं बनलं. त्याचं श्रेय आपण थोर गवयांना आणि नाटक मंडळ्यांना देतो, ते रास्तच आहे. पण पेठांमधल्या गायनशाळांचा वाटा त्याहून लहान नाही, आणि तो क्वचितच कुणी सांगतं.

सुरुवात १८७४ ची. त्या वर्षी पुण्यात गायन समाज स्थापन झाला. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना आपल्या संगीताला पुन्हा मान मिळवून द्यायचा होता. त्या काळी पांढरपेशा घरात गाणं ऐकणं चालून जाई, शिकणं मात्र नाही. ‘गाणंबजावणं’ हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जाई. सभ्य लोकांनी एकत्र बसून गाणं ऐकावं, मुलांनी ते वर्गात बसून शिकावं, ही कल्पनाच नवी होती. समाजाने संगीताचे वर्गही चालवले. पुढे सहाच वर्षांनी, १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं आणि रागदारीवरची पदं घराघरांत गुणगुणली जाऊ लागली. ऐकायची गोडी लागलेल्यांपैकी काहींना शिकावंसं वाटणारच.

ती तहान ओळखली भास्करबुवा बखले यांनी. त्यांचं स्वतःचं शिक्षण अगदी जुन्या वळणाचं. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते, मग फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडून त्यांनी तीन घराण्यांची विद्या मिळवली. उस्तादाची मर्जी सांभाळत, वर्षानुवर्षं सेवा करत, एकेक चीज, म्हणजे रागात बांधलेलं पद, पदरात पाडून घेण्याचा तो काळ. अशा माणसाने १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला आणि फी भरून येणाऱ्या कुणालाही शिकता येईल असं दार उघडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बुवा १९२२ मध्ये गेले, जेमतेम बावन्न वर्षांचे होते. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनी संस्थेचा भार पुढे वाहिला आणि समाजाचं काम आजही चालू आहे.

दुसरा प्रवाह दूर लाहोरहून आला. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू होऊन मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेही कुणा संस्थानिकाच्या भरवशावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या मिळकतीवर. शिष्यांना शिकवून गावोगाव शिक्षक म्हणून पाठवायचं, असा त्यांचा बेत होता. १९०८ मध्ये ते मुंबईला आले, तिथे विद्यालयाची मोठी इमारत उभी राहिली, कर्ज वाढत गेलं आणि शेवटी ती वास्तू हातची गेली. १९३१ च्या ऑगस्टमध्ये पंडितजी वारले. पण तोवर शिष्य तयार झाले होते. त्याच वर्षी या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं.

विनायकराव तेव्हा गंधर्व नाटक मंडळीतले नावाजलेले गायक नट होते. रंगभूमीवरचा पैसा आणि टाळ्या सोडून ते शनिवार पेठेत मुलांना पलटे, म्हणजे सुरांच्या सरावाचे क्रम, शिकवत बसले. सात भागांत ‘रागविज्ञान’ लिहून त्यांनी बंदिशी, आलाप आणि ताना छापून खुल्या केल्या. चिजा लपवून ठेवण्याच्या काळात हे धाडसच होतं. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे असलेले पंडितजींचे पुत्र, पुढे नामवंत गायक झालेले दत्तात्रेय विष्णू पलुस्कर याच विद्यालयात त्यांच्या हाताखाली घडले. शाळेत गवई घडत नाही म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरेसं आहे.

या शाळांतलं शिकणं कसं असतं, ते गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेच्या दिवशी दिसतं. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत पायऱ्या ठरलेल्या. खालच्या पायरीवरचं पोर परीक्षकासमोर मांडी घालून बसतं, भूप राग गातं, मग त्याला सांगितलं जातं, ‘त्रिताल दुगुनीत म्हण,’ म्हणजे दुप्पट लयीत. हातावर टाळी सुरू होते: एक, पाच आणि तेरा या मात्रांना टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला, म्हणजे काल. ‘धा धिं धिं धा’ तोंडात आणि सोळा मात्रा हातात. घसरलं तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते, आणि चुकलेली सम पोराला स्वतःलाच आधी कळते. ही जाण एकदा अंगात भिनली की पुढे गाणं सोडून अभियांत्रिकीला गेलेला मुलगासुद्धा मैफलीत समेवर नेमकी मान हलवतो.

गाणं लिहून ठेवण्याच्या स्वरलिपीचा घोळही त्यातलाच. पलुस्कर पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा ठिपका म्हणजे खालचं, मंद्र सप्तक, पं. भातखंड्यांच्या पद्धतीत तोच ठिपका वरच्या, तार सप्तकाचा. एका पद्धतीत समेला ‘१’ लिहायचा, दुसरीत फुली. एका क्लासमधून दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्याची वही पाहून नवे गुरुजी सुरुवातीला बुचकळ्यात पडतात.

मुलींच्या बाबतीत तर शाळेने जे केलं ते घराण्यांच्या तालमीला जमलं नसतं. वेळापत्रक, फी, हजेरी आणि छापील प्रमाणपत्र आलं, तेव्हा मध्यमवर्गीय बापाला मुलीला गाण्याला पाठवण्यात काही वावगं वाटेनासं झालं. ‘मुलगी विशारद आहे’ हे लग्नाच्या बोलणीत सांगितलं जाऊ लागलं. त्यावर टीका खूप होते, पण ज्या घरांत आदल्या पिढीला तंबोऱ्याला हात लावायची मुभा नव्हती, त्या घरांत तंबोरा आला तो याच वाटेने.

म्हणून १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त भीमसेन जोशींनी उत्सव सुरू केला, तेव्हा त्याला श्रोता शोधावा लागला नाही. दोन पिढ्या गायनशाळांतून सारेगम घोकून बाहेर पडल्या होत्या. तानसेन थोडेच झाले असतील, कानसेन मात्र शहरभर पसरले होते. रात्र रात्र बसून राग ओळखणारा, बंदिशीचे बोल शेजाऱ्याला हळूच सांगणारा आणि एखादी हरकत आवडली की मोकळेपणी दाद देणारा पुणेकर तिथे तयार बसला होता.

गुरूसमोर एकट्याने बसून मिळणारी तालीम चाळीस मिनिटांच्या सामूहिक वर्गात मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे. तो मनावर घेऊनच पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेल्या ललित कला केंद्राने गुरुकुल पद्धत आणि पदवी यांची सांगड घालायचा प्रयत्न केला. पण विद्यापीठापर्यंत पोचणारी मुलं मोजकी. बाकीच्यांचा पहिला ‘सा’ अजूनही पेठेतल्या, उपनगरातल्या छोट्या वर्गातच लागतो. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर होतात. शाळेची परीक्षा, ट्यूशन आणि मोबाइल यांतून वेळ काढून मुलं त्यांना बसतात. त्या वर्गांना परवडणाऱ्या भाड्यात जागा आणि शिक्षकांना पोटापुरतं मानधन मिळवून देणं, हे आता शहराचं काम आहे. राजा नव्हता तेव्हा पुणेकरांनीच वर्गणी आणि फी देऊन हे उभं केलं होतं.