त्रिकोणातील आकड्याचा अर्थ

इंदूरच्या मराठी घरांत सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आता मुरली आहे. मात्र तिच्यासोबत एक गैरसमजही रुजला आहे, तो असा की डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण दिसला म्हणजे त्या प्लास्टिकचा पुनर्वापर होणारच. वस्तुतः त्रिकोणातील १ ते ७ हा आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही खूण आणली, आणि बाणांमुळे होणारा घोटाळा ओळखून २०१३ मध्ये तेथील मानकात बाणांऐवजी सलग रेषेचा साधा त्रिकोण आला. जुने साचे मात्र अजून चालूच आहेत. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ (PET) नावाचे प्लास्टिक, २ म्हणजे शाम्पूच्या बाटलीचे उच्च घनतेचे पॉलिथिन. यांना कबाडीही भाव देतो. ७ म्हणजे ‘इतर’, आणि आपल्या लाडक्या शेवेचे चकचकीत पाकीट बहुधा याच गटात मोडते, कारण त्यात निरनिराळ्या प्लास्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात, की ते सुटे करणे परवडत नाही. अशी पाकिटे गोळा झालीच, तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून किंवा रस्त्याच्या डांबरात जातात. त्यांतून नवे पाकीट सहसा होत नाही. तरीही ती सुक्या कचऱ्यातच टाकावीत, तेलकट असल्यास पुसून.