गंधकाचा एक अणू आणि इंटरल्यूकिन-२
‘रिकॉम्बिनंट ह्यूमन’ असं लेबल लावलेली प्रथिनाची कुपी दाखवली की पुण्यात कुठल्याही विज्ञान व्याख्यानात हा प्रश्न येतोच: हे माणसाच्या रक्तातून काढतात का? नाही. माणसाचा असतो तो फक्त जनुकातला क्रम. प्रथिन बनवतो अनेकदा ई. कोलाय हा जिवाणू. मात्र जनुक जिवाणूत घातलं की प्रथिन तयार, एवढंच सांगून आपली पाठ्यपुस्तकं थांबतात आणि खरी गंमत तिथून पुढे आहे. इंटरल्यूकिन-२, म्हणजे आयएल-२, हे त्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण.

आयएल-२ हा टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा निरोप आहे. टी-पेशीला परका घटक ओळखू आला की ती हे प्रथिन सोडते, आणि ज्या पेशींवर त्याला पकडणारे ग्राही असतात त्या विभागू लागतात. १९७६ मध्ये मॉर्गन, रस्केटी आणि गॅलो यांना त्याचा सुगावा लागला तेव्हा ते मिळवण्यासाठी माणसाच्या पांढऱ्या पेशींना राजम्यातल्या एका प्रथिनाने डिवचावं लागे. (आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा राजम्याच्याच जातीचा.) हाती यायचं ते अगदी थोडं, आणि त्यात इतर निरोपही मिसळलेले. १९८३ मध्ये जपानमध्ये तानिगुची यांच्या गटाने जनुक वेगळं केलं आणि वाट मोकळी झाली.

मग अडचण आली घडीची. आयएल-२ ही १३३ अमिनो आम्लांची साखळी. त्यात सिस्टीन नावाची अमिनो आम्लं तीन आहेत: ५८, १०५ आणि १२५ व्या जागी. सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. दोन सिस्टीन जवळ आले की गंधकाला गंधक जोडला जातो आणि त्या बंधाने प्रथिनाची घडी पक्की होते. आपल्या शरीरात ५८ आणि १०५ यांची जोडी जमते, १२५ मोकळा राहतो. ई. कोलायच्या आतलं रसायन असे बंध जमूच देत नाही. प्रथिन भराभर तयार होतं, पण नीट घडी न पडता त्याचे गोळे होतात. हे गोळे तीव्र रसायनात विरघळवून साखळ्या पूर्ण उलगडायच्या आणि मग सावकाश पुन्हा घडवायच्या. इथे तो मोकळा १२५ नडतो. तीन सिस्टीनच्या जोड्या तीन प्रकारे लागू शकतात आणि त्यातली एकच बरोबर. बाकी म्हणजे शर्टाचं बटण चुकीच्या काजात. शिवाय दोन रेणूंचे मोकळे सिस्टीन एकमेकांनाच चिकटतात ते वेगळं.

१९८४ मध्ये यावर निघालेला उपाय मला आजही थक्क करतो. १२५ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन बसवलं. या दोन अमिनो आम्लांत फरक एकाच अणूच्या जागी आहे: गंधकाऐवजी ऑक्सिजन. तेवढ्याने चुकीच्या जोडीची शक्यताच संपली आणि प्रथिनाचं काम मात्र तसंच राहिलं. १९९२ मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर अमेरिकेत मंजूर झालेलं अल्डेसल्यूकिन हे औषध याच रूपाचं आहे.

मेडिकलच्या काउंटरवर ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांनी या औषधाचे दुष्परिणाम वाचावेत. मोठ्या मात्रेत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्तदाब कोसळतो. उलट कमी मात्रेत आयएल-२ प्रामुख्याने नियामक टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ब्रेकला बळ देतं, कारण त्याला घट्ट धरणाऱ्या ग्राहीचा सीडी२५ हा भाग त्यांच्यावर मुबलक असतो. याच पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. प्रतिकारशक्ती ‘वाढवणं’ ही कल्पनाच इतकी ढोबळ आहे की तिच्या नावाने पैसे घेणं मला फसवणूक वाटते.

प्रयोगशाळेतल्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं, ते गंभीरपणे घ्यायचं. ई. कोलायच्या बाह्यावरणातलं एंडोटॉक्सिन हे विष किंचितही उरलं तर पेशी त्यानेच चेकाळतात आणि श्रेय आयएल-२ ला जातं. वजनावरूनही काही कळत नाही, कारण चुकीच्या घडीचा रेणूही तितकाच जड. म्हणून कस लावतात तो जिवंत पेशींवर. सीटीएलएल-२ या उंदराच्या टी-पेशी आयएल-२ शिवाय मरतात; मानवी आयएल-२ सुद्धा त्यांना चालतं. नमुना पातळ करत जायचं आणि कुठवर त्या वाढतात ते प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहायचं. त्यावरून युनिट, म्हणजे प्रथिन किती काम करतं त्याची मापं, ठरतात: अल्डेसल्यूकिनच्या १.१ मिलिग्रॅममध्ये १ कोटी ८० लाख. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. तिथे किंवा आयसर या विज्ञान संस्थेत शिकायला जाणाऱ्यांनी कुपी हातात घेतली की मिलिग्रॅमच्या आधी युनिट वाचावेत, आणि १२५ व्या जागी काय आहे तेही.