मोडीत गेलेल्या वर्कस्टेशनचा भाव

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी 1982 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सिलिकॉन ग्राफिक्सही त्याच सुमाराची. या दोघींची वर्कस्टेशनं, म्हणजे डिझाइन आणि ग्राफिक्ससारख्या जड कामांचे ताकदवान संगणक, साध्या पीसीपेक्षा अगदी निराळी होती: प्रोसेसर वेगळा, ग्राफिक्स वेगळं, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा जिची तिची. सनचं 1989 चं स्पार्कस्टेशन 1 सुमारे 9 हजार डॉलरला मिळे. 1993 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने स्वस्तातलं म्हणून 'इंडी' काढलं, तेही 5 हजारांपासून पुढे.

यंत्रं धडधाकट असतानाच त्यांचा भाव कोसळला. 1995 च्या अखेरीस पीसीसाठी इंटेलचा पेंटियम प्रो हा वेगवान प्रोसेसर आला, पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी 4, आणि बघता बघता तेच काम पीसीवर होऊ लागलं. त्यात 2000-01 मध्ये डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. बुडालेल्या कंपन्यांची जवळजवळ नवी सन यंत्रं ढिगाने बाजारात आली. 2006 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने मिप्स या आपल्या वेगळ्या प्रोसेसरची यंत्रं बनवणं थांबवलं, 2010 मध्ये सन ओरॅकलच्या हाती गेली. या काळात कितीतरी चालू यंत्रं किलोच्या भावाने भंगारात गेली. भंगारवाल्याला त्यात दिसला तो पत्रा, तांबं आणि पिनांवरचा सोन्याचा मुलामा. मला याची आजही हळहळ वाटते.

तरीही काही यंत्रांना गिऱ्हाईक टिकून राहिलं, ते सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे. महागडी डिझाइन सॉफ्टवेअर यंत्राच्या 'होस्ट आयडी'ला, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला बांधलेली असत. सनच्या यंत्रात हा क्रमांक बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. बोर्ड जळला तर त्याच मॉडेलचं जुनं यंत्र शोधायचं आणि जळलेल्या बोर्डावरची चिप काढून त्यात बसवायची, म्हणजे परवाना चालू. कारखान्याच्या दृष्टीने हा जुना डबा नव्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी स्वस्त पडे.

पण त्या चिपच्या पोटातच लिथियमची बॅटरी असते, आणि काही वर्षांनी ती संपते. मग यंत्र आपला क्रमांक विसरतं, नेटवर्कचा पत्ताही विसरतं. जाणकार माणूस चिपच्या डोक्यावरचं प्लास्टिक कानशीने हळूहळू घासतो, आतली दोन टोकं उघडी करतो, त्यांना वायर जोडून 3 व्होल्टचा बटणसेल लावतो आणि क्रमांक पुन्हा टाइप करतो. अशी हाताळणी झालेलं यंत्र मी तरी बंद यंत्राच्या शेजारी एकाच भावात ठेवणार नाही.

संग्राहक आले ते नंतर. 'जुरासिक पार्क'चे संगणकावरचे डायनोसोर सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर घडले, ही ओढ मोठी. पण त्यांनाही यंत्र पूर्ण हवं असतं. या यंत्रांच्या मॉनिटरची केबल साध्या व्हीजीएची नसते; तिच्या टोकाला तीन गोल जोड आणि दहा पिना असतात. हार्ड डिस्क बसवायची चौकटही खास असते, नेहमीच्या पीसीची तिथे चालत नाही. जुनं कार्यालय रिकामं करताना आधी फेकली जाते ती हीच केबल आणि हीच चौकट.