जुन्या नाट्यगृहाची फेरी: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

(युरोप, सिमला आणि मुंबई सहलींच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक, सांगली कार्यालय)

आमच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘नाट्यगृह फेरी – ऐच्छिक, खर्च वेगळा’ अशी एक ओळ असते. पैसे भरायला येणारे त्या ओळीवर बोट ठेवून हमखास विचारतात, की प्रयोगच नसेल तर रिकाम्या थिएटरात बघायचं काय? प्रश्न रास्त आहे. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं, तिथल्या माणसाला नाटक फुकट नसलं तरी नाट्यगृह फुकट बघायची सवय असतेच.

आमचं उत्तर असं. फेरी पडद्यामागे नेत असेल तर घ्या. नुसतं प्रेक्षागृहात उभं करून भिंतीवरचा सोनेरी मुलामा दाखवणार असेल, तर त्याच पैशांत, कधी कधी त्याहून कमीत, तिथल्या प्रयोगाचं सर्वांत स्वस्त तिकीट मिळतं, ते घ्या. छत, झुंबर, जिना, बाल्कनी हे सगळं तिकीट काढून बसलेल्यालाही दिसतं, वर नाटक मिळतं. प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत त्या जागा चार: रंगमंचाखालचं तळघर, वरचा फ्लाय (पडदे आणि देखावे टांगायची मंचाच्या डोक्यावरची जागा), विंगा आणि रंगपट. फेरीचे पैसे मोजायचे ते या चार जागांसाठी.

पैसे किती आणि कशाचे

लंडन, पॅरिस, मिलान इथे माणशी साधारण १५ ते ३० पौंड किंवा युरो लागतात, म्हणजे दीड ते साडेतीन हजार रुपये. नावं काहीही असली तरी प्रकार तीनच. पहिला, तिकीट काढून आपलं आपण फिरायचं, हवं तर कानाला ऑडिओ गाइड. दुसरा, गाइडबरोबर पुढच्या भागाची फेरी. तिसरा, बॅकस्टेज किंवा तांत्रिक फेरी. तिसऱ्या प्रकारात माणसं कमी घेतात, जागा लवकर भरतात, लहान मुलांना वयाची अट असू शकते आणि जिने जास्त असतात. वेबसाइटवर नुसतं ‘गाइडेड टूर’ लिहिलं असेल तर तो दुसरा प्रकार समजा. ‘बॅकस्टेज’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल तर पडदा ओलांडायला मिळेल असं गृहीत धरू नका.

पॅरिसच्या पॅले गार्निए या ऑपेरागृहाला पहिला प्रकार पुरतो. १८७५ साली उघडलेल्या या इमारतीत मुख्य प्रेक्षणीय गोष्ट जिना आणि दालनं हीच आहे. लोक जितके ऑपेरा बघायला येत तितकेच एकमेकांना बघायला येत, आणि इमारत बांधली आहे तीही त्याच बेताने. चित्रकार शागालने रंगवलेलं छत १९६४ सालचं आहे, ते मात्र प्रेक्षागृहात गेल्याशिवाय दिसत नाही. प्रेक्षागृह तालमीसाठी बंद असलं तरी तिकीट विकलं जातं आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून त्या दिवशी प्रेक्षागृह उघडं आहे का, हे आदल्या दिवशी वेबसाइटवर बघणं भाग आहे.

मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाचंही (१७७८) तसंच. संग्रहालयाचं तिकीट काढलं की एका बॉक्समधून (प्रेक्षागृहाच्या कडेच्या छोट्या सज्जातून) आत डोकावता येतं, पण तालीम नसेल तरच. तालीम असली तर उरतात चित्रं, पुतळे आणि जुनी वाद्यं. संगीताची आवड नसलेल्याने तेवढ्यासाठी रांग लावू नये.

लंडनचं ड्ररी लेन घ्या, बॅकस्टेज असेल तर नक्की घ्या. त्या जागेवर १६६३ पासून नाटक होतंय आणि आताची इमारत १८१२ ची आहे. शेक्सपिअरच्या ग्लोबची गोष्ट वेगळी. ती जुनी वास्तू नव्हे, जुन्या पद्धतीने ओकच्या लाकडाची आणि गवती छपराची नव्याने उभी केलेली वास्तू आहे, १९९७ सालची. तिथे आमचा कौल फेरीला नाही, पटांगणात उभं राहून नाटक बघण्याला आहे. उभ्याची तिकिटं सर्वांत स्वस्त असतात. प्रयोग उन्हाळ्याच्या हंगामात, उघड्यावर होतात. दोन-अडीच तास बसू देत नाहीत, पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत, म्हणून टोपीचा रेनकोट जवळ ठेवा. गुडघ्यांची तक्रार असेल तर गॅलरीतला बाक घ्या आणि भाड्याने मिळणारी गादीही घ्या. त्या बाकाला गादी लागतेच.

कुणी स्वीडनला जाणार असेल तर ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यातलं थिएटर चुकवू नये. या यादीत डोळे मिटून पैसे भरावेत असं हे एकच ठिकाण. १७६६ ची लाकडी यंत्रणा तिथे अजून हाताने चालते. रंगमंचाखाली मोठा उभा रहाट आहे. माणसं तो ढकलतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या सगळ्या विंगा रुळावरून एकदम सरकतात, आणि बागेचा राजवाडा काही सेकंदांत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. ढगांचा गडगडाट म्हणजे वर टांगलेल्या लाकडी पेटीत गडगडणारे दगड. समुद्र म्हणजे आडवे, पिळाचे लाकडी रूळ, हळूहळू फिरवलेले. राजा तिसरा गुस्ताव १७९२ साली मारला गेल्यावर थिएटर बंद पडलं, सामानाची खोली झालं आणि १९२१ साली पुन्हा लोकांच्या नजरेस आलं. नूतनीकरण करायला मधल्या काळात कुणी फिरकलंच नाही, म्हणून ते वाचलं. हंगाम उन्हाळ्यापुरताच असतो, डिसेंबरच्या सहलीत हे बसत नाही.

देशातलं बघायचं तर सिमल्याचं गेइटी (१८८७). व्हाइसरॉयच्या निवासाचा वास्तुकार हेन्री आयर्विन, त्याचंच हे काम. प्रवेश स्वस्त, इमारत छोटी, मॉल रोडवरच असल्याने वेगळा दिवस काढावा लागत नाही. अर्ध्या तासात होतं. मुंबईचं गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होतं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. तिथे रोज फेरी असेल असं धरून जाऊ नका, एखादा कार्यक्रम बघून तिकीट काढा. आमच्या मुंबई सहलीत आम्ही तेच करतो.

आत गेल्यावर नजर कुठे ठेवायची

गाइड बोलत असतो तेव्हा लोक त्याच्याकडे बघतात. त्यापेक्षा मान वर करा. फ्लायमध्ये पडदे, दिवे आणि देखावे टांगलेले असतात. फार जुन्या थिएटरात तागाचे दोर आणि वाळूच्या पिशव्या, नंतरच्यात पोलादी तारा आणि लोखंडी विटा. तत्त्व एकच. देखाव्याचं जितकं वजन, तितक्याच वजनाच्या विटा दुसऱ्या टोकाच्या चौकटीत, म्हणून एका माणसाला दोनशे किलोचा पडदा एका हाताने ओढता येतो. अपघात होतो तो देखावा उतरवताना. आधी देखावा काढला आणि विटा तशाच राहिल्या, तर विटांची चौकट धाडकन खाली येते आणि देखावा टांगायचा पाइप सुसाट वर जातो. म्हणून नियम असा, की वजन चढवताना आधी देखावा मग विटा, उतरवताना आधी विटा मग देखावा. आपल्याकडच्या हौशी संस्थांतल्या पोरांनी हे प्रत्यक्ष बघावं. राज्य नाट्य स्पर्धेत सेट लावणाऱ्याला याचा उपयोग त्या गाइडच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आहे.

मग पायाखाली बघा. जुन्या रंगमंचांना प्रेक्षकांकडे उतार असतो, चोवीस फुटांना एक फूट किंवा जवळपास. मागचा नट पुढच्याच्या आड जाऊ नये म्हणून. पाण्याची बाटली आडवी ठेवली की कळतं. अशा मंचावर चाकांचा सेट लावायचा तर पाचर ठोकावी लागते आणि नाचणाऱ्यांच्या पोटऱ्या दुखतात.

आवाजाची परीक्षा सोपी आहे. मध्यभागी उभं राहून एकच टाळी वाजवायची आणि नाद किती रेंगाळतो ते ऐकायचं. संवादांच्या नाटकाला साधारण एक सेकंद चांगला, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोनच्या आसपास. रिकाम्या थिएटरात नाद लांबतो हे लक्षात घ्या. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात, हाऊसफुल्लला तोच नाद आखडतो. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे गटातल्या एकाला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत पाठवा आणि तुम्ही मंचावरून नेहमीच्या आवाजात एखादं वाक्य म्हणा. वर ऐकू आलं तर आता त्याला खाली, बाल्कनीच्या पोटाखालच्या शेवटच्या रांगेत बसवा. तिथे आवाज बसलेला असतो. कुठल्याही जुन्या नाट्यगृहात तिकीट काढताना ही रांग टाळायची. सेट लागलेला असेल तर मंचावर पाय ठेवू देत नाहीत, आधी विचारा.

मंच आणि प्रेक्षागृह यांच्या मधला लोखंडी किंवा अग्निरोधक पडदाही दाखवायला सांगा. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली तेव्हा असा पडदा खाली येता येता मध्येच अडकला, आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ब्रिटनमध्ये हा पडदा चालतो हे प्रत्येक प्रयोगाला प्रेक्षकांसमोर खाली आणून दाखवावं लागतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना या पडद्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

भुतांच्या गोष्टींबद्दल एक सांगून ठेवतो. प्रत्येक जुन्या थिएटराला एक भूत असतंच, ड्ररी लेनला तर करड्या झग्यातलं नामांकित भूत आहे. एखादी गोष्ट ठीक. पण पाऊण तासातली वीस मिनिटं भुतं आणि नटनट्यांच्या भानगडीत गेली तर समजावं की आत दाखवण्यासारखं फारसं उघडं नाही.

कुठे बिनसतं

सर्वांत जास्त वेळा तालमीमुळे. त्याखालोखाल नवा सेट लागत असल्यामुळे. त्या आठवड्यात मंच बंद, तळघर बंद, आणि फेरी मात्र चालू. लंडनला दुपारचे प्रयोग बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी आणि शनिवारी असतात, त्या दिवशी फेरी फक्त सकाळी. दोन्ही बघायचं असेल तर सकाळी फेरी आणि दुपारी त्याच थिएटरात प्रयोग हा उत्तम जोड, कारण मागची यंत्रणा बघून आल्यावर पुढचा पडदा उठताना वेगळंच दिसतं.

जिन्यांचा अंदाज लोकांना नसतो. वरच्या गॅलरीचे जिने अरुंद, उभे आणि कधी कधी कठडा एकाच बाजूला. लिफ्ट असली तरी ती पुढच्या भागात, पडद्यामागे नाही. चक्कर येणाऱ्यांनी आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी बॅकस्टेज घेऊ नये, अर्ध्यातून परत फिरायला वेगळा माणूस मिळत नाही. चपला-सँडल नकोत, बंद बूट हवेत. मागे अंधार असतो आणि जमिनीवर खिळे, केबल असतात. पाठीवरची मोठी बॅग दारातच ठेवून घेतात. सेटचे फोटो काढू देत नाहीत, प्रेक्षागृहाचे बहुधा देतात.

भाषा इंग्रजी किंवा स्थानिक. मराठी कुठेही नाही, आणि आतमध्ये आमच्या टूर मॅनेजरला बोलू देतीलच असं नाही. म्हणून निघण्याआधी आम्ही प्रत्येकाला मराठीतून एक पानी टिपण देतो, त्यात इमारतीचा नकाशा आणि कुठे काय विचारायचं ते असतं. विंग, पिट, बाल्कनी हे शब्द तुम्हाला माहीत आहेतच, निम्मं काम तिथेच होतं.

सात-आठ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. आणि शहरात एकच दिवस असेल तर ही फेरी सोडा, उगाच धावपळ होते.

आधी घराजवळ

फेरी आपल्याला आवडेल का, हे तीन हजार न घालवता कळू शकतं. एका रविवारी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात प्रयोग संपल्यावर व्यवस्थापकांची परवानगी घेऊन मंचावर जा, सेट उतरताना बघा. त्यात मजा वाटली तर युरोपातली बॅकस्टेज फेरी घ्या, पाचव्या मिनिटाला कंटाळा आला तर ते पैसे खरेदीला ठेवा. प्रयोग चालू असताना आत घुसू नये, आणि सेटवाल्यांच्या वाटेत उभं राहू नये, त्यांना रात्रीतच पुढचं गाव गाठायचं असतं.

तिथून नाटककार गो. ब. देवलांचं हरिपूर रिक्षाने तीन-चार किलोमीटर. कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ बघून मिरजेला जा. बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते मिरजेत, तिथलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. सतारमेकर गल्लीत भोपळ्याची सतार कशी होते तेही दिसेल, कारागीर कामात असतील तर प्रश्न थोडक्यात विचारा. अर्धा दिवस आणि रिक्षाभाडं, एवढाच खर्च. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, म्हणजे शाहू महाराजांच्या काळात १९१५ च्या सुमारास पुरं झालेलं आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, आत जाऊन बघायचं असेल तर कामाची आणि प्रवेशाची स्थिती फोनवर विचारूनच गाडी काढा.

बुकिंग कसं करायचं

सहलीचा पहिला हप्ता भरतानाच फेरी हवी की नको ते सांगा, बॅकस्टेज हवी असेल तर निदान सहा आठवडे आधी. पासपोर्टवरचं नाव आणि वय द्या, मुलांचं वय खरं द्या, दारात विचारतात. दहा-पंधरा जणांचा गट एकत्र आला तर बऱ्याच ठिकाणी गटाची सवलत किंवा स्वतंत्र वेळ मिळते. नाट्यमंडळांनी हे जरूर बघावं, स्वतंत्र वेळेत प्रश्न मोकळेपणी विचारता येतात.

थिएटरने फेरीच रद्द केली तर पूर्ण रक्कम परत. प्रेक्षागृह किंवा मंच बंद ठेवून उरलेली फेरी दिली तर थिएटर काही परत करत नाही, म्हणून आम्हालाही करता येत नाही. त्या दिवशी सकाळी टूर मॅनेजर फोन करून खात्री करतो आणि बंद असेल तर तुम्हाला बसमध्येच सांगतो. तिकीट तोपर्यंत निघालेलं असतं, पण जायचं की त्या वेळात कॉफी प्यायची, हे तुम्ही ठरवा.